तुळईवरचा नारळ

ओरोसच्या जिल्हा न्यायालयात व्हिडिओ कॉन्फरन्सची एक खोली आहे. एक लांबडं टेबल, भिंतीवर मोठा पडदा, काही खुर्च्या, आणि एसीचा रिमोट, जो आजवर मला जाग्यावर सापडलेला नाही. वकिलीच्या निमित्ताने मी तिथे सारखी जात असते. जामिनाचे अर्ज, तुरुंगातल्या आरोपींची हजेरी, असली कोरडी कामं. पण त्या खोलीत शिरलं की मला खोबरेल तेलाचा वास येतो. काकाने त्या दिवशी डोक्याला तेल चोपडलं होतं. "समोर परदेशातले जज्ज बसतले, केस उभे दिसूक नको," असं त्याचं म्हणणं. उभे राहण्याइतके केस त्याच्या डोक्यावर उरले नव्हते, हा भाग वेगळा.

काका आता नाही. त्यामुळे हे सगळं लिहिताना ज्याच्यावर रागवावं असं कोणी उरलेलं नाही, आणि काकावर रागावणं हा माझा लहानपणापासूनचा उद्योग होता.

तो माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, जन्मभर मालवाहू बोटींवर कूक म्हणून फिरला. मालवणच्या एसटी स्टँडवर तो उतरला की आधी त्याच्या बॅगेचा वास यायचा, परदेशी साबणाचा आणि डिझेलचा मिळून एकच वास. घरी पोचल्यावर हातपाय धुऊन तो सरळ स्वयंपाकघरात शिरायचा आणि माझ्या आईला तिथून हाकलून द्यायचा. मग त्याची रजा संपेपर्यंत घरात बोटीवरचे कायदे चालत. ताटावर चमचा वाजला की जेवायला यायचं, उशिरा आलात तर गार जेवा. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती घालायची यावरून त्याचं आणि आईचं दर रजेत भांडण व्हायचं. आई म्हणायची, हा पाहुणा आहे की मुकादम? पण तो निघून गेला की तीच चार दिवस गप्प असायची.

रजेवर येताना तो बहुतेक वेळा आणखी एकाला बरोबर आणायचा. तो सारंगकाका. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. हा तोंडवलीचा. दोघांनी इतकी वर्षं एकत्र काढली होती की एकाला नवी बोट मिळाली की दुसरा एजंटाच्या मागे लागून त्याच बोटीवर चढायचा. सारंगकाका बोलायला कमी आणि हसायला जास्त. त्याच्या घरी, तोंडवलीला, मी सुट्टीत राहायला जायची. त्याची बायको, म्हणजे माझी तोंडवलीची काकी, मला घावणे करून घालायची आणि संध्याकाळी सारंगकाका मला पोहायला न्यायचा. पोटाखाली त्याचा हात असायचा. "पाय मार, बोलू नको," एवढंच सांगायचा, कारण मी पाण्यातही बडबडत असे. एक दिवस मी वळून बघितलं तर तो कमरेइतक्या पाण्यात पार मागे उभा होता, दोन्ही हात छातीशी बांधून, हसत. हात कधी काढला ते मला कळलंच नव्हतं. ती संध्याकाळ आठवली की अजूनही मला उगाच बरं वाटतं.

मग ती बोट पळवली गेली.

तेव्हा मी नुकती वकिली करायला लागले होते. भर समुद्रात चाचे बोटीवर चढले, बोट त्यांच्या किनाऱ्याजवळ नेऊन नांगरली आणि सगळ्या माणसांना ओलीस धरून मालकाकडे खंडणी मागितली. कैक महिने गेले. आमच्या घरी ताटावर चमचा वाजला तरी आई दचकायची. शेवटी सुटका झाली आणि काका घरी आला, निम्मा होऊन. सारंगकाका आला नाही.

काकाने सांगितलं ते असं. एका दुपारी, पहारेकरी सुस्तावलेले असताना, सारंगकाकाने समुद्रात उडी घेतली. किनारा दिसत होता. पुढे काय झालं ते कोणालाच कळलं नाही.

आम्ही यावर विश्वास ठेवला. मी तर सगळ्यांच्या आधी ठेवला. ज्या माणसाने मला पोहायला शिकवलं तो बुडेलच कसा? कुठल्या तरी गावात लागला असेल, कोणीतरी दडवून ठेवला असेल, कागदपत्रं नाहीत म्हणून अडकला असेल. मी वकील, तेव्हा अशा गोष्टी रचायला मला वेळ लागत नाही. काकीने तर रचलंही नाही काही. ती नुसती म्हणाली, पोहत गेला म्हणजे पोहत येईल.

काका जरा चालता-फिरता झाल्यावर काकीने आम्हाला तोंडवलीच्या देवळात बोलावलं. तिला नारळ ठेवायचा होता. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बाहेरच्यांसाठी सांगते. माणसाचा इलाज संपला की तो देवाकडे मागणं मागतो. गुरव नारळ हातात घेऊन ते मागणं मोठ्याने देवापुढे मांडतो, त्याला गाऱ्हाणं म्हणायचं. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेले सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. ही नुसती साथ नसते. जो व्हय म्हणतो तो त्या मागण्याला बांधला जातो. मग तो नारळ देवळाच्या तुळईवर ठेवतात आणि काम होईपर्यंत तो तिथेच राहतो.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की ह्या लेकीचा घोव पाण्यातून पोहून गेला आहे, तो जिथे असेल तिथून त्याला सुखरूप घरी आण. सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. काका माझ्या शेजारीच उभा होता. तोही म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक आला. मला वाटलं, इतके महिने कैदेत काढलेला माणूस, अशक्तपणा असणार.

त्यानंतर काका बोटीवर गेला नाही. मालवणात पर्यटकांना घरगुती जेवण करून द्यायला लागला आणि त्यात त्याचं नावही झालं. पण कुठल्याही देवळात गाऱ्हाण्याला उभा राहिना. गावची जत्रा असो की लग्नाआधीचा नारळ, याला नेमकी तेव्हाच फोडणी द्यायची असायची. समुद्रावर माणूस नास्तिक होतो, असं वडील म्हणायचे. तोंडवलीलाही तो जाईनासा झाला. काकीसाठी सुरमई, सोलं, काय काय माझ्याबरोबर पाठवायचा, स्वतः नाही. काकी दर जत्रेला तुळईवरचा जुना नारळ उतरवून नवा ठेवायची आणि कपाळाला ठसठशीत कुंकू लावून मला विचारायची, तुझो काका बरो मां?

अशी बरीच वर्षं गेली आणि एका दुपारी काकाला परदेशातून फोन आला. त्याने घाबरून तो माझ्या हातात दिला.

हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटाच्या देशात चाच्यांचे खटले चालवण्यासाठी एक खास न्यायालय बसतं, तिथून तो फोन होता. या न्यायालयाबद्दल मी तोवर फक्त वाचलेलं होतं. प्रश्न साधा आहे. भर समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही. आमची बोट एका देशाच्या झेंड्याची, मालक दुसऱ्या देशातला, खलाशी चार देशांचे, चाचे आणखी वेगळ्या देशाचे आणि त्या समुद्रात गस्त घालणारं आरमार त्याहून वेगळ्याच देशाचं. मग खटला कोणी चालवायचा? मालवणच्या मासळीच्या लिलावात एका पाटीला दोन भागीदार असले तरी संध्याकाळपर्यंत भांडण मिटत नाही. फार जुना नियम असा आहे की चाचा हा सगळ्यांचाच गुन्हेगार, ज्याला पकडता येईल त्याने त्याचा न्याय करावा. पण नियम आहे म्हणून कोणी पुढे येतं असं नाही. साक्षीदार जगभर पांगलेले, आरोपींची भाषा कोणाला येत नाही, शिक्षा झाली तर तुरुंगात कोण सांभाळणार? पकडायचं, हत्यारं समुद्रात टाकायची आणि सोडून द्यायचं, असंच बऱ्याचदा व्हायचं. अशा वेळी या इवल्या देशाने म्हटलं की आणा इकडे, आम्ही चालवतो. बाकीच्यांनी मदत केली. मला त्या देशाचं फार कौतुक वाटलं. आपल्या जिल्ह्याएवढी वस्तीही तिथे नसेल.

फोन करणारी बाई त्या न्यायालयात साक्षीदारांची काळजी घेण्याचं काम करायची. तिने सांगितलं की आमच्या बोटीवर चाच्यांच्या वतीने फोनवर खंडणीची बोलणी करणारा माणूस इतक्या वर्षांनी एका विमानतळावर सापडला आहे. तो म्हणतो, मी नुसता दुभाषा होतो, मलाही त्यांनी बळजबरीने ठेवलं होतं, इकडचं बोलणं तिकडे सांगण्यापलीकडे मी काही केलं नाही. सारंगाचं काय झालं हे न्यायालयाला जाणून घ्यायचं आहे. इतर खलाशी त्या वेळी खाली कोंडलेले होते. डेकवर फक्त कूक होता, असं एकाने सांगितलं आहे. कूक साक्ष देईल का? बेटावर यायची गरज नाही, तुमच्याच जिल्हा न्यायालयातून पडद्यावर बोलता येईल.

मी हरखून गेले होते. काका म्हणाला, नाही.

का नाही? नाही म्हणजे नाही. मी त्याला कायदा सांगितला, कर्तव्य सांगितलं, शेवटी सारंगकाकाची आठवण दिली. तो उठून मासळी आणायला गेला. पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात हेच चाललं. ती बाई पुन्हा पुन्हा, पण शांतपणे फोन करायची, जबरदस्ती नाही म्हणायची, आणि मी तिकडे फोन ठेवून इकडे काकावर जबरदस्ती करायची. एकदा मी त्याला भित्रा म्हणाले. तो तेव्हा मागीलदारी बांगडे साफ करत बसला होता. त्याने सुरी खाली ठेवली.

"माझी साक्ष झालेली आसा," तो म्हणाला.

कुठे? मला वाटलं, याने माझ्या पाठीमागे कुणाला काही लिहून दिलं.

"तोंडवलीक. देवळात. थंय मी व्हय म्हटलंय. आता ह्या कोर्टात उलटां कसां सांगू?"

मग बांगड्यांकडे बघतच त्याने सगळं सांगितलं. त्या दुपारी सारंगकाकाने उडी मारली नव्हती. खाली कोंडलेल्या खलाशांना पाणी मिळत नव्हतं. सारंगकाका ते मागायला वर आला आणि त्या बोलणी करणाऱ्या माणसाशी त्याची हुज्जत झाली. त्या माणसाने कोणाला विचारलं नाही. नुसता हात केला, आणि दोघांनी सारंगकाकाला कठड्याशी नेलं. गोळी झाडली तेव्हा काका स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात भाताचा टोप घेऊन. इकडे आल्यावर तोंडवलीला काकी समोर आली आणि त्याच्या तोंडून उडी मारल्याचं निघालं. तिला तेवढी एक रात्र तरी झोप लागावी म्हणून. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत होता, तोवर तिने नारळ ठेवला.

मी खूप रडले. इतकी वर्षं माझ्या डोक्यात तो माणूस पोहत होता. रडून झाल्यावर मला काकाचा असा संताप आला की मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि आमच्या घरात जेवणाचा चमचाही वाजला नाही.

तिसऱ्या दिवशी बेटावरच्या बाईचा फोन आला तेव्हा काकानेच तो उचलला आणि माझ्याकडे देऊन मला बाजूला बसवून घेतलं. त्याला तिला काही विचारायचं होतं. त्या माणसाला फाशी देणार का? तिने सांगितलं, आमच्याकडे फाशी नाही, गुन्हा सिद्ध झाला तर पुष्कळ वर्षांची कैद. त्याच्या बाजूने वकील आहे का? आहे, त्याच्याजवळ नव्हता म्हणून न्यायालयानेच दिला. हे ऐकून काका भडकला. तेका वकील, मगे सारंगाच्या बाजून कोण, असं विचार तिला, म्हणाला. मी विचारलं.  ती म्हणाली, सरकारी वकील आहेत, पण त्यांच्याजवळ दाखवायला काही नाही. त्याच्या बाजूने बोलू शकेल असे तुम्ही एकटेच आहात.

मी त्याला मराठीत सांगितलं. काकाने मान खाली घातली. मग म्हणाला, आधी तोंडवलीला जायला हवं. ठेवलेला नारळ उतरवल्याशिवाय तो त्या खुर्चीवर बसणार नाही. मी वकिली शंका म्हणून त्या बाईला विचारून घेतलं, की साक्षीआधी घरच्या बाईला सांगितलं तर चालेल का. ती बाई साक्षीदार नसेल तर हरकत नाही, फक्त आम्हाला त्याची नोंद द्या, असं उत्तर आलं. इतका सगळा विचार करणारी माणसं आहेत हे बघून मला जरा धीर आला.

काकीला आधी घरी गाठून, बसवून, हळूहळू सांग, असं मी काकाला परोपरीने विनवलं. त्याने ऐकलं नाही. देवासमोर खोटं बोललो, तर खरंही तिथेच बोलणार. तेव्हा आम्ही देवळात गेलो. गुरव होता, आणखी दोघं-तिघं होते. काकी समईत तेल घालत होती. काकाला इतक्या वर्षांनी बघून तिला इतका आनंद झाला की माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. "भावजीनू," ती म्हणाली, "आज कशी वाट चुकलास?"

काका देवाकडे तोंड करून उभा राहिला. ह्या गाऱ्हाण्याला मी व्हय म्हटलं ते खोटं होतं, असं त्याने आधी सांगितलं आणि मग सगळं सांगितलं, हात, कठडा, गोळी, सगळं. मधे एकदाही तो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा बोलू शकला नसता असं मला वाटतं.

काकीच्या हातात तेलाची बाटली तशीच होती. तिने त्याच्या पोहण्याबद्दल एवढंच विचारलं,

"पोवलो नाय तो?"

"तेका पोवूक गावलांच नाय, वयनी."

तिने बाटली खाली ठेवली. गुरवाला नारळ उतरवायला सांगितलं. तो घेऊन ती देवळातून निघाली ती सुरूच्या झाडांतून थेट किनाऱ्यावर, आणि आम्ही तिच्यामागे. गुडघाभर पाण्यात जाऊन तिने नारळ सोडला. लाटेने तो परत आणून दिला. तिने पुन्हा ढकलला, तो पुन्हा आला. मी पुढे होणार होते, पण काकाने माझा दंड धरला. शेवटी ओसरणाऱ्या एका लाटेबरोबर तो गेला, आणि दिसेनासा होईपर्यंत काकी तिथेच उभी राहिली.

परत येताना ती काकाला म्हणाली, "माझ्या दारात येव नको." भावजीनू म्हणाली नाही. आणि मला विचारलं, "ओरसाक खंयची गाडी जाता?"

तर अशी आम्ही त्या खोलीत पोचलो. काका तेल चोपडून टेबलापाशी, शेजारी शपथ द्यायला आणि देखरेखीला आमच्या इथले न्यायाधीश आणि एक दुभाषी बाई, मी मागे, आणि पार दाराजवळच्या खुर्चीवर काकी, मोकळ्या कपाळाची. पडद्यावर बेटावरचं न्यायालय दिसत होतं. तिथल्या खिडकीतून चक्क माड दिसत होता. काकाने मला खुणेने तो दाखवला. आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस सदरा-टाय घातलेला, चष्म्याचा, एखाद्या शाळेचा मुख्याध्यापक शोभेल असा. काकाने त्याच्याकडे बघितलं आणि त्यानंतर मुद्दाम बघितलं नाही.

सरकारी वकील बाई तयारीची होती. बोटीवर हुकूम कोणाचा चालायचा, असं तिने विचारलं असतं तर काका गडबडला असता. तिने विचारलं, तुम्ही सगळ्यांना वाढत होता, तर पहिलं ताट कोणाला? काकाने सांगितलं, ह्याला. बंदूकवाल्यांच्या आधी? व्हय, हा जेवायला बसल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मग तिने ती दुपार विचारली, आणि त्याने देवळात सांगितली तशीच सांगितली.

उलटतपासणीत आरोपीचा वकील उठला. तो आपलं काम करत होता, मीही हेच केलं असतं, पण त्या दिवशी मला तो आवडला नाही. त्याने विचारलं, सुटका झाल्यावर तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की सारंगाने उडी मारली. त्याच्या पत्नीलाही तेच सांगितलंत. इतकी वर्षं तेच सांगत आलात. मग तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?

काकाने मागे वळून दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं. एसी घरघरत होता. 

"तेव्हा," तो म्हणाला. "ती माझ्यासमोर उभी होती. माझ्यान सांगवक नाय."

पडद्यावरच्या न्यायाधीशांनी वर बघितलं आणि विचारलं, त्या बाईंना आता खरं काय ते सांगितलं आहे का? काकाने तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"सांगल्यान. माका सगळां सांगल्यान."

आमच्या न्यायाधीशांनी काकीला बसायची खूण केली. साक्षीदार नसलेल्याला बोलता येत नाही. पण दुभाषी बाईने ते सवयीने इंग्रजीत सांगून टाकलं होतं, आणि बेटावरच्या न्यायाधीशांनी मान हलवली. त्या वकिलाने त्यावर पुढे काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर काकी काकाशी एक शब्द बोलली नाही, माझ्याबरोबर स्टँडवर आली आणि गाडीत बसून गेली.

निकाल लागायला पुष्कळ महिने गेले. त्या माणसाला शिक्षा झाली. तो नुसता दुभाषा नव्हता, त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर माणूस मेला, असं न्यायालयाने म्हटलं. ज्याने गोळी झाडली तो सापडला नाही. ज्यांनी दूरच्या शहरांत बसून या धंद्यात पैसा घातला ते तर कधी सापडतील असं मला वाटत नाही. अशा न्यायालयांना लोक नावं ठेवतात, की वर्षानुवर्षं खटला चालवून एखाद-दुसरा माणूस आत जातो. मीही पूर्वी ठेवायची. ती बोलणी खोटी आहेत असं मी अजूनही म्हणणार नाही.

पण निकालपत्रात एक परिच्छेद सारंगकाकाचा आहे. त्यात त्याचं पूर्ण नाव आहे, वडिलांचं नाव आहे, तोंडवलीचं आणि मालवण तालुक्याचं नाव आहे, आणि असं आहे की हा माणूस आपल्या हाताखालच्या माणसांसाठी पाणी मागायला गेला म्हणून मारला गेला. तोवर त्याच्याबद्दल सगळ्या कागदांवर बेपत्ता एवढंच होतं. काकीच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात बसून मी तिला तो मराठीत वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला लावला, मग शेजारणीला हाक मारून पुन्हा. त्याच महिन्यात तिने दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया केली. काकाला बोलावणं नव्हतं. तो त्या दिवशी उपाशी राहिला आणि पर्यटकांचं जेवणही त्याने बंद ठेवलं.

मग तोंडवलीची जत्रा आली. काकीने मला फोन करून सांगितलं, काकाक घेऊन ये. का, ते सांगितलं नाही. काका इस्त्रीचा सदरा घालून आला खरा, पण देवळात शिरल्यावर सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून उभा राहिला. काकीने गुरवाच्या हातात नवा नारळ दिला आणि काय मागायचं ते त्याच्या कानात सांगितलं. गुरव जरा गोंधळला, पण त्याने गाऱ्हाणं घातलं. पाण्यापलीकडच्या बेटावर ज्यांनी आमच्या माणसाची चौकशी केली, त्यांना बरं ठेव. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. बोटीवर गेलेल्या सगळ्यांना सुखरूप घरी आण. व्हय म्हाराजा. ज्याने आमच्या माणसाची साक्ष दिली, त्याला बरं ठेव. व्हय म्हाराजा.

काका तोंड मिटून उभा होता. हे मला दिसत होतं, आणि पुढे उभ्या असलेल्या काकीला कसं दिसलं कोण जाणे. ती गर्दीतून मागे आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"म्हणा, भावजीनू," ती म्हणाली. "ह्यां खरां आसा."

काकाने डोळे मिटले आणि म्हटलं, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकट्यानेच.